ट्रॉलीसकट वजन

मोजमापाच्या बाबतीत आमचं तिवसा मोठं संशयी गाव आहे. सोयाबीन विकायला न्यावं तर घेणाऱ्याचं मीटर ओलावा १४ टक्के दाखवतं, आणणारा घरून १० टक्के धरून निघालेला असतो, आणि हमीभावाच्या खरेदीची नेहमीची अट असते १२ टक्क्यांची. कापसाची गाडी काट्यावर चढली की मालक, मालकाचा भाऊ, मेव्हणा आणि त्या कापसाशी काडीचा संबंध नसलेले दोघं-तिघं आकड्यावर डोळे लावून उभे राहतात. अशा या गावात मी आयुष्यभर अकरावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. व्हर्निअर कॅलिपर हातात घेतला की आधी त्याची शून्य त्रुटी पाहायची, ती वजा केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, लिहिलंच तर मी तपासणार नाही, असा माझा दंडक. निवृत्त झाल्यावर मी स्वतःसाठी एक मोजयंत्र मागवलं आणि त्यातली शून्य त्रुटी सोडून बाकी सगळं तपासलं.

यंत्राचं नाव नॅनोव्हीएनए. कागदोपत्री नाव व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर. शर्टाच्या खिशात मावतं, त्याला इवलासा पडदा आहे आणि दोन पितळी तोंडं आहेत. एका तोंडातून ते ठरावीक कंपनसंख्येची लहर बाहेर सोडतं. समोर जी वस्तू जोडली असेल तिनं त्यातली किती परत पाठवली आणि परत येताना ती लहर किती मागं पडली, एवढंच ते मोजतं. समोर अँटेना असेल तर तिनं आलेली सगळी लहर आकाशात सोडावी, परत काही पाठवू नये, अशी आपली अपेक्षा. ती किती पुरी झाली ते एसडब्ल्यूआर नावाच्या आकड्यातून कळतं. १ आला म्हणजे काहीच परत आलं नाही. ३ आला म्हणजे शक्तीचा पाव भाग परत आला.

हे काम करणारी यंत्रं पूर्वी माणसानं उचलायची नसत. ह्युलेट-पॅकार्डचं ८४१० हे १९६७ सालचं. त्यांचंच ८५१० हे १९८४ चं, संगणकाकडून स्वतःच्या चुका वजा करून घेणारं. अशा यंत्रांच्या किमती लाखांत, आणि प्रयोगशाळेत ती ठेवलेल्या खोलीची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. मग जपानमधल्या 'ईडीवाय५५५' या टोपणनावाच्या एका हौशी माणसानं एक चिमुकला आराखडा तयार करून सगळ्यांसाठी खुला केला, आणि २०१९ च्या सुमारास चीनमधून त्याच्या तयार प्रती जगभर जाऊ लागल्या. आतला माल पाहिला तर हसू येतं. लहर तयार करायला एसआय५३५१ नावाची चिप, जिचं खरं काम म्हणजे इतर चिपांना घड्याळाचे ठोके पुरवणं. परत आलेली लहर मोजायला एक ऑडिओ चिप, जी गाणी वाजवणाऱ्या उपकरणांत बसावी म्हणून बनवलेली. या दोघींना कामाला लावून बऱ्यापैकी सच्चा व्हीएनए उभा करणाऱ्या माणसाला माझा दंडवत. पुढं जे घडलं त्यात त्याचा काहीच दोष नाही.

मी हौशी रेडिओवाला आहे, म्हणजे हॅम. केंद्र सरकारचा रीतसर परवाना आहे, त्यामुळे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जगाशी बोलायची मला मुभा आहे. बोलायला अँटेना लागते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती म्हणजे मधोमध तोडलेली २० मीटर तार. गच्चीवर लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या टोकाला तारेचा मध्य बांधला. एक टोक शेजारच्या काकाजींच्या वाड्यातल्या लिंबाला गेलं, दुसरं आमच्या मागच्या अंगणातल्या खुंटीला. मधल्या जोडापासून १५ मीटर केबल खाली माझ्या खोलीत.

तार ताणली जात असताना काकाजी वाड्याच्या दारात उभे होते.

"सर, हे तार कायची हाय जी?"

"अँटेना आहे, काकाजी."

"टीव्ही तं डिशवर चालते न तुमचा?"

"टीव्हीची नाही. यावरून मी इटली-जपानशी बोलणार."

काकाजींनी खिशातून मोबाइल काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत खिशात ठेवला आणि काही न बोलता बैलाला पाणी पाजायला निघून गेले. त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव 'तारवाले सर' पडलं.

यंत्र आलं त्या संध्याकाळी मी ते डब्यातून काढलं, केबल जोडली आणि चालू केलं. पडद्यावर ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पूर्ण पट्टा आला. अँटेना जिथं चांगली असते तिथं रेघ खाली डुबकी मारते, हे पुस्तकात वाचलेलं. इथं ७ मेगाहर्ट्झजवळ डुबकी नव्हती. रेघ तिथं वरच्या कडेला चिकटून सरळ चालली होती. निदान एकच निघालं: अँटेना मेली. मधला डाग तुटला असणार. मी पाइप उतरवला, जोड सोडवला, नव्यानं डाग दिला, पाइप चढवला. रेघ तशीच. पुन्हा उतरवला. तिसऱ्या खेपेला तार बदलली.

सरळ गोष्ट होती, अकरावीच्या पोरालाही कळली असती. हे यंत्र एका फेरीत फक्त १०१ ठिकाणी मोजतं. ९०० मेगाहर्ट्झ शंभर पावलांत चालायचे तर प्रत्येक पाऊल ९ मेगाहर्ट्झचं. पहिलं पाऊल शून्याजवळ पडलं, दुसरं ९ वर. माझी ७.१ ची अँटेना त्या दोन पावलांच्या मधे सुखरूप होती आणि यंत्रानं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. पट्टा ६.५ ते ८ असा आखूड केल्याबरोबर डुबकी दिसली. मी दोन चांगल्या तारा आणि बरंचसं शिसं-कथील वाया घालवून एका निरोगी अँटेनाची तीनदा शस्त्रक्रिया केली होती.

पण डुबकी ६.९२ ला होती. हवी ७.१ ला. म्हणजे तार लांब झाली. हिशेब सोपा आहे: लांबी एक टक्का कमी केली की कंपनसंख्या एक टक्का चढते. मी दोन्ही टोकांकडून पाव-पाव मीटर कापलं. डुबकी बरोबर ७.१ ला आली. मी वहीत तारीख घातली, आकडा लिहिला, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी डुबकी ७.२६ ला. परवान्याच्या पट्ट्याबाहेर. मी तार जोडून वाढवली. काही दिवस आकडा जागेवर राहिला आणि एका सकाळी पुन्हा खाली घसरला. मग मी शास्त्रज्ञ झालो. वहीत तपमान लिहू लागलो, ढग लिहू लागलो, वारा कुठून आहे ते लिहू लागलो. तिवस्याच्या हवेतली आर्द्रता आणि अँटेनाची कंपनसंख्या यांच्या संबंधावर माझा एक सिद्धान्त तयार होत होता. वर्धा नदीवरून, कौंडण्यपूरच्या बाजूनं येणारी दमट हवा तारेभोवती बसते, अशी त्याची साधारण मांडणी. आलेखसुद्धा काढला. त्यात दर आठवड्याला एक खड्डा पडत होता आणि त्या आवर्तनाला मी एक भारदस्त नाव शोधत होतो.

बायकोनं चहा आणून ठेवला आणि आलेखावर बोट टेकवलं. "हा सोमवार ना?"

"हो. का?"

"आणि हा पण सोमवार. अहो, सोमवारी मी लुगडी धुते."

मागच्या अंगणात तारेचं टोक डोक्याच्या उंचीवर होतं. उन्हाची, मोकळी, ताणलेली, आयती तार. बायकोनं तिचा योग्य उपयोग सुरू केला होता. सासूबाईंची दोन नऊवारी आणि तिच्या साड्या, ओल्याचिंब, नेमक्या त्या टोकावर. अर्ध्या लहरीच्या तारेचं टोक म्हणजे तिच्या अंगावरची सगळ्यात नाजूक जागा. व्होल्टेज तिथंच सगळ्यात जास्त, आणि ओलं कापड जवळ आलं की तार विजेच्या हिशेबानं लांब होते. यंत्रानं ते अचूक मोजलं होतं. त्यानं अँटेना मोजली, नऊवारी मोजली, आणि मी नऊवारीला माप घेऊन तार कापली. ती टोकं आता झाडाला आणि खुंटीला अडीच माणसं उंचीवर आहेत. शंभर वॅट सोडले की त्या टोकाला हात लावणाऱ्याचा हात भाजतो, तेव्हा साड्या तिथून हलल्या हे सर्वांच्याच हिताचं झालं. वहीतला आलेख बायकोनं जपून ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवते.

मग आला एसडब्ल्यूआरचा प्रश्न. डुबकी जागेवर होती, पण खोल नव्हती. आकडा १.९ च्या आसपास घुटमळे. काकाजी गुरुदेव सेवा मंडळातले. मोझरीच्या गुरुकुंजाशी त्यांचं जुनं नातं, रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला न चुकता जाणार आणि येताना गच्चीकडे पाहून 'जय गुरुदेव' म्हणणार. एका संध्याकाळी ते वर आले. वाऱ्यानं केबल हलत होती, म्हणून मी म्हटलं, काकाजी, जरा धरता का. त्यांनी केबल मुठीत धरली. पडद्यावरचा आकडा १.१ झाला.

"वा!" मी ओरडलो. काकाजींनी दचकून हात सोडला. १.९.

"पुन्हा धरा." १.१.

"आता सोडा." १.९.

"मले तुमच्या मापाचं काई समजत नाई सर," काकाजी म्हणाले, "पन मी हात लावला का तुमचं काम सुधरते, येवढं मले दिसून राह्यलं."

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी त्यांना केबल वेगवेगळ्या ठिकाणी धरायला लावली. खाली वाकून धरली तर १.३, छातीशी धरली तर १.१, नुसते शेजारी उभे राहिले तर १.६. मी टाचणं काढत होतो. शेवटी ते म्हणाले, "सर, मी का इथंच खांब म्हनून उभा राहू काय? उद्या वावरात तूर सोंगाची हाय."

अँटेनाच्या दोन तारा एकमेकींच्या तोलात असतात; केबल तशी नसते, तिला आतली तार आणि बाहेरची जाळी. मधल्या जोडाशी काही केलं नाही तर अँटेनाचा थोडा प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो, आणि मग केबल, यंत्र, यंत्र धरणारा हात आणि तो हात ज्याला जोडलेला आहे तो मास्तर, सगळे अँटेनात सामील होतात. मी इतके दिवस स्वतःचाच एसडब्ल्यूआर मोजत होतो. यूएसबीच्या वायरीनं यंत्र लॅपटॉपला जोडलं की आकडा आणखी हलतो, कारण तेव्हा घरातलं वायरिंगही वऱ्हाडात येतं. इलाज ठरलेला आहे: जोडाच्या खाली फेराइटच्या कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे घ्यायचे, की बाहेरून उतरणाऱ्या प्रवाहाची वाट बंद. कडं मागवलं, वेढे घेतले. आकडा १.४ झाला आणि केबलला हात लावला, न लावला, तेवढाच राहिला. काकाजींच्या १.१ पुढं हा १.४ दिसायला वाईट, पण खरा.

भाचा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. सुटीत आला होता. मी त्याला यंत्राचा पडदा दाखवला, त्यावर गोल जाळी काढलेला तो प्रसिद्ध आलेख, जो बेल लॅबच्या फिलिप स्मिथनं १९३९ साली छापला. त्या जाळीवर माझी अँटेना मधल्या बिंदूपासून थोडी दूर, खालच्या अंगाला बसली होती. म्हणजे तिच्यात कपॅसिटरचा गुण जास्त. तो मारायला मी एक मोठी कॉइल गुंडाळली होती, वार्निश लावून वाळतही ठेवली होती.

"मामा, कॅलिब्रेशन कुठं केलं?"

"यंत्राच्या तोंडाशी. पहिल्याच दिवशी."

"आणि अँटेना?"

"वर, पाइपावर."

"मधली केबल?"

काकाजी पायऱ्यांवर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "काहून जी सर, ट्रॉलीसकट वजन केलं अन् ट्रॉलीचं वजाच नाई केलं, तं सोयाबीन किती हाय हे कसं समजन?"

एवढं बोलून ते सुपारी तोंडात टाकते झाले. भाचा माझ्याकडे पाहत होता. मी कॉइलीकडे पाहत होतो.

व्हीएनएच्या अचूकपणाचा सगळा कारभार त्या वाक्यात येतो. यंत्राबरोबर तीन पितळी टोप्या मिळतात. एक आतून उघडी, एक आतून बंद म्हणजे शॉर्ट, आणि एकीत बरोबर ५० ओहमचा रोध. तिघींची उत्तरं आधीच ठाऊक असतात. त्या एकेक करून जोडायच्या आणि यंत्राला सांगायचं, हिचं उत्तर हे, आता तुझी चूक तूच काढ. मात्र टोप्या जिथं जोडाल तिथपर्यंतचंच वजा होतं. मी त्या यंत्राच्या तोंडाला लावल्या, नंतर १५ मीटर केबल जोडली आणि अँटेनाच्या नावावर केबल मोजली. बिनचुकीची केबल एसडब्ल्यूआर फारसा बिघडवत नाही, पण जाळीवरचा बिंदू गरागरा फिरवते. या केबलीत लहर मोकळ्या हवेतल्या वेगाच्या ६६ टक्क्यांनी चालते, त्यामुळे ७.१ मेगाहर्ट्झला १३.९ मीटरमागे बिंदूची एक पूर्ण फेरी होते. माझी केबल नेमकी १३.९ मीटर असती तर बिंदू फिरून घरी आला असता आणि मला काही कळलंही नसतं. ती १५ होती. कॉइल मी नसलेल्या दुखण्यावर गुंडाळली होती.

याहूनही एक वरकडी. भाच्यानं पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं बारीक इंग्रजी अक्षरं उभी असतात. कॅलिब्रेशन केलं तोच पट्टा चालू असेल तर पहिलं अक्षर मोठा 'सी'. नंतर पट्टा बदलला की यंत्र जुन्या मापांवरून अंदाज बांधून काम चालवतं आणि तसं कबूलही करतं: 'सी' छोटा होतो. माझ्याकडे पट्टा आखूड केल्यापासून छोटाच होता. मी त्याला कंपनीची छपाई समजत होतो. शिवाय नवं कॅलिब्रेशन करण्याआधी जुनं 'रीसेट' करावं आणि झाल्यावर ते जतन करावं, नाहीतर यंत्र बंद करताच केलेलं सगळं जातं, हेही त्याच बैठकीत समजलं. त्या बैठकीत मी फार बोललो नाही.

ठरलं, टोप्या वर न्यायच्या. केबलच्या पाइपाकडच्या टोकाला लावून तिथं कॅलिब्रेशन करायचं. मी शिडीवर, भाचा खाली यंत्र घेऊन. उघडी टोपी झाली. शॉर्ट झाली. ५० ओहमची टोपी मी शर्टाच्या खिशातून काढली. तिचा आकार तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि माझी बोटं निवृत्त. ती बोटांतून सुटली, गच्चीच्या कठड्यावर टण् वाजली आणि काकाजींच्या वाड्यात, सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात गेली.

आम्ही तिघांनी ढीग उपसला. गल्लीतली पोरं आली. कुणीतरी चाळणी आणली. शाळेतून लोहचुंबक मागवावा अशी सूचना मीच केली. पितळ चुंबकाला चिकटत नाही, याची आठवण माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं मला चारचौघांत करून दिली. अंधार पडल्यावर काकाजींनी कामगिरी थांबवली.

"राहू द्या सर. बैलानं खाल्ली असन तं दोन दिवसांत शेनात भेटन."

भेटली नाही.

आता ५० ओहम आणायचे कुठून? गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे १०० ओहमचे कार्बनचे रोध होते, लांब पायांचे. दोन समांतर जोडले की ५०. पाय आखूड कापून डाग दिला आणि कॅलिब्रेशन केलं. मग यंत्राची परीक्षा घेतली. एकटा १०० ओहमचा रोध जोडला. खरं यंत्र असेल तर एसडब्ल्यूआर २ दाखवायला हवा, कारण १०० हे ५० च्या दुप्पट. आकडा आला २.०२. अनेक आठवड्यांत पहिल्यांदा मी आणि यंत्र एका मतावर आलो. काकाजींच्या भाषेत, काटा आधी रिकामा पाहिला, मग ठाऊक असलेलं पोतं ठेवून पाहिलं. नंतर भाच्यानं माझी ५० ओहमची जोडी आपल्या कॉलेजातल्या मोठ्या यंत्रावर तपासून आणली. ७ मेगाहर्ट्झला दोन्ही यंत्रांचं उत्तर इतकं जवळ होतं, की त्या मोठ्या यंत्राच्या किमतीबद्दल मला उगाच वाईट वाटलं.

या यशानं मला मद चढला, तो भाच्यानंच उतरवला. त्याच्या वडिलांची मोर्शीकडे संत्र्याची बाग. मातीतला ओलावा मोजून घरापर्यंत निरोप पाठवणारी लोरा नावाची उपकरणं तो तिथं बसवत होता. त्यासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनपरवान्याचा आहे. त्याची अँटेना घराच्या गच्चीवर, खाली २० मीटर केबल, माझ्याकडे असते तीच आरजी-५८. "मामा, जरा पाहता?" मी यंत्र जोडलं. ८६६ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.२.

"उत्कृष्ट!" मी जाहीर केलं. "अशी अँटेना मी पाहिली नाही."

"मी पण नाही," तो म्हणाला. "अजून लावायचीच आहे." अँटेना त्याच्या काखेत होती.

वर केबलचं टोक उघडं लोंबत होतं. ८६६ मेगाहर्ट्झला ही केबल दर मीटरला निम्मा डेसिबल किंवा त्याहून जास्त खाते. २० मीटर जाताना दहाच्या वर, येताना तेवढीच. गेलेल्या लहरीचा शंभरावा भागही परत येत नाही. यंत्र म्हणतं, काही परत आलं नाही, म्हणजे पुढं सगळं छान आहे. ते खोटं बोलत नाही. परत आलं नाही हे खरंच. लहर केबलीतच उष्णता होऊन संपली. लांब आणि फुकट खाणारी केबल असेल तर एसडब्ल्यूआर सुंदर दिसतो, आणि केबल जितकी लांब तितका अधिक सुंदर.

शिवाय ३०० मेगाहर्ट्झच्या वर हे यंत्र स्वतःच उसनवारीवर चालतं. घड्याळाच्या ठोक्यांची ती चौकोनी लहर. तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशाही लहरी असतात. वरच्या पट्ट्यात यंत्र त्या तिपटीवर भागवतं, आणि तिप्पट लहर मुळात अशक्त असते. त्यामुळे तिथं आकडे थरथरतात. तिथं मी माझी ती पायवाली ५० ओहमची जोडी वापरली ती वेगळीच गंमत. तारेचा एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानानं एक नॅनोहेन्री. दोन्हीकडचे मिळून २० मिलिमीटर पाय उरले असतील, तर ७ मेगाहर्ट्झला त्यांचा अडथळा जेमतेम एक ओहम, आणि ८६६ ला शंभराच्या वर. ज्या ५० ओहमनं गावात माझी लाज राखली त्यानंच मोर्शीला ती घालवली.

एसएमए म्हणतात त्या पितळी तोंडांबद्दलही सांगून टाकतो. ती आवळायला ८ नंबरचा पाना लागतो आणि जोर फक्त अर्ध्या न्यूटन-मीटरचा, म्हणजे दोन बोटांचा. मी पक्कड लावली. आता यंत्राचं एक तोंड हलतं.

जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. निवृत्तीच्या वर्षी पोरांना सहलीला तिथं नेलं होतं. त्यांच्याकडची मोजयंत्रं मला हात लावायला मिळाली नाहीत, आणि आता विचार करता तो निर्णय योग्यच होता. पण कॅलिब्रेशन तिथंही तेच, केबल वजा करणं तेच. फक्त त्यांच्याकडे कुटाराचा ढीग नसावा.

हे यंत्र कुणी घेणार असेल तर माझा अभिप्राय असा: घ्यावं. ३०० मेगाहर्ट्झच्या खाली ते किमतीच्या मानानं कमालीचं सच्चं आहे. पट्टा आखूड ठेवा, टोप्या केबलच्या पलीकडच्या टोकाला लावा, पडद्यावरचा 'सी' मोठा आहे ना ते पाहा, आणि अँटेनाची केबल जोडण्याआधी तिची आतली तार आणि जाळी एकमेकांना टेकवून घ्या. उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात आणि पावसाच्या तोंडावर लांब तारेवर वीज साठते, आणि ती यंत्राच्या तोंडात उतरली तर पुढं कॅलिब्रेशनचा प्रश्नच उरत नाही. १.१ पेक्षा खरा १.४ बरा. माझा १.४ आहे, आणि त्यावर जपानशी बोलणं झालं; काकाजी साक्षीला होते. जपान्यानं पलीकडून काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं. माझा आवाज जेमतेम ऐकू येतो, असं त्यानं सांगितलं होतं.

राहता राहिली ती टोपी. अमरावती-नागपूर रस्त्यानं जाणाऱ्या कुणा वाचकाकडे ५० ओहमची जादा एसएमए टोपी असेल तर कृपा करून तिवस्याला उतरावं. बसस्टँडवर 'तारवाले सर' म्हटलं की कुणीही घर दाखवेल. टोपीचे पैसे रोख मिळतील, वर कढी-गोळ्यांचं जेवण. फक्त सोमवारी येऊ नका.